मेकॅनिकल मॉडच्या बुडाचे आटे अडकले आहेत: तेल घालावे की घालू नये?

मुक्काम_बर्मिंगहॅम
नमस्कार. मी अकरा वर्षांपासून बर्मिंगहॅममध्ये राहतो. सिगारेट सुटावी म्हणून सहा वर्षांपूर्वी व्हेपिंगकडे, म्हणजे ई-सिगारेटकडे वळलो. आता तेही बरेच कमी झाले आहे, पण त्या काळात घेतलेला एक मेकॅनिकल मॉड अजून जवळ आहे आणि प्रश्न त्याचाच आहे.

ज्यांनी हे यंत्र पाहिलेले नाही त्यांच्यासाठी सांगतो. ही तांब्याची एक जाड नळी असते. तिच्यात १८ मिलिमीटर व्यासाचा आणि ६५ मिलिमीटर लांबीचा, म्हणजे १८६५० मापाचा एकच लिथियम सेल बसतो. वर टोपी आणि तिच्यावर अॅटोमायझर, म्हणजे कॉइल नावाच्या तापणाऱ्या तारेने द्रवाची वाफ करणारा भाग, खाली पितळेचे बटण. आत सर्किट नाही, चिप नाही, संरक्षण नाही. बटण दाबले की सेल थेट कॉइलला जोडला जातो. थोडक्यात, विजेरीसारखीच रचना आहे, फक्त बल्बच्या जागी कॉइल आहे.

आठ महिने हा मॉड स्वयंपाकघरातल्या खणात पडून होता. परवा बाहेर काढला तर बुडाचे बटण आट्यांमध्ये असे बसले आहे की तसूभरही हलत नाही. नळी आणि बटण यांच्या फटीत हिरवट कडे दिसते. वरची टोपी मात्र सहज फिरते. हाताने, ओल्या टॉवेलने आणि शेवटी फडके गुंडाळून पकडीने प्रयत्न करून पाहिला. पकडीचे दात तांब्यावर उमटले, बटण मात्र जिथल्या तिथे राहिले.

घरात शिवणयंत्राचे तेल आहे, गंज सोडवणारा फवारा आहे आणि खोबरेल आहे. यांपैकी काय घालावे? सेल आतच आहे.

विजेरी
तेलाचा विचार नंतर करू. वरची टोपी सहज फिरते असे तुम्हीच लिहिले आहे, तेव्हा आधी ती काढा आणि सेल वरून बाहेर घ्या. तो बाहेर येईपर्यंत पक्कड, गरम पाणी, फ्रीज आणि फवारा यांपैकी कशालाही हात लावू नका. पकडीने नळी चेपली असती आणि आतल्या सेलवर दाब आला असता, तर या धाग्याचे शीर्षक वेगळे असते.

मुक्काम_बर्मिंगहॅम
लिहायला संकोच वाटतो, पण हे मला सुचलेच नव्हते. सेल वरून निघाला. त्याच्या वेष्टनाला धन टोकाच्या कडेशी दोनेक मिलिमीटरची चीर गेलेली आहे. बाकी सेल ठीक दिसतो.

कडबोळे
बुडाची वाट बंद होती तरी डोक्याची उघडी होती, आणि मालक दोन दिवस बुडाशीच झटापट करत होते. आमच्या कार्यालयातल्या बैठकाही अशाच चालतात.

विजेरी
तो सेल पुन्हा वापरू नका. या सेलचा डबा ऋण असतो आणि हा ऋण धातू थेट वरच्या खांद्यापर्यंत आलेला असतो. धन टोक आणि खांदा यांच्यामध्ये फक्त ते पातळ वेष्टन आणि एक चकती असते. नळीसुद्धा बहुतेक मॉडमध्ये ऋणच असते. त्यामुळे वेष्टन मधे कुठे फाटले तर लगेच शॉर्ट होतोच असे नाही, पण धन टोकाजवळ फाटले, किंवा मधे फाटलेला सेल कोणी उलटा घातला, तर होऊ शकतो. तुमच्या यंत्रात फ्यूज नाही हे तुम्हीच सांगितले आहे. नवे वेष्टन चढवून मिळते हे खरे, परंतु एका सेलच्या किमतीसाठी एवढी काटकसर करू नये असे माझे मत आहे.

खरादी_कोल्हापूरकर
आमचा लेथचा व्यवसाय आहे. हे यंत्र मी कधी हातात धरलेले नाही, पण आटे सगळीकडे आटेच असतात, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

पहिली गोष्ट पकडण्याची. नळी ही पोकळ वस्तू आहे आणि तिच्या आत बटणाचे आटे बसलेले आहेत. ज्या ठिकाणी आतून आटे आहेत नेमके तिथेच तुम्ही बाहेरून पक्कड लावली, तर गोल नळी अंडाकृती होते आणि आतल्या बटणाला दोन बाजूंनी आवळते. म्हणजे जितक्या जोराने धराल तितके आटे अधिक घट्ट होतात, आणि माणसाला वाटते की ते गंजल्यामुळे बसले आहेत. आमच्याकडे पोरे कामाला लागतात तेव्हा पहिल्या महिन्यात हाच धडा शिकतात. नळी आट्यांपासून दूर, मध्यावर धरा. शक्य असेल तर आत नेमक्या मापाचा गोल लाकडी दांडा घाला, म्हणजे ती चेपणार नाही. बाहेरून सायकलच्या जुन्या ट्यूबचा तुकडा गुंडाळा. रबर धातूला जसे धरते तसे फडके कधीच धरत नाही.

दुसरी गोष्ट दिशेची. बटणाच्या तोंडाकडे पाहत असाल तर ते घड्याळाच्या उलट दिशेने फिरवल्यावर सुटते. परंतु मॉड उभा धरून, वरून पाहत, खालचे बूड फिरवायला गेलात तर तीच दिशा उलटी भासते. तुम्ही दोन दिवस ते आवळत तर नव्हता ना, हे एकदा तपासून घ्या. शिवाय बटणाला कुलपासाठी वेगळे कडे असेल तर त्याचे आटे डावे असू शकतात. कुलूप उघडताना बटणच सुटून हातात येऊ नये म्हणून काही कारागीर मुद्दाम तसे करतात.

तेल सध्या नको. आधी ते कशाने बसले आहे हे कळू द्या.

मुक्काम_बर्मिंगहॅम
दिशा तपासली. टॉवेलने प्रयत्न करताना बरोबर होती. पकडीने करताना, खरे सांगायचे तर, खात्री नाही. कुलपाचे कडे नाही.

आजोळकर
हे वाचून आमच्या सांगलीच्या घरातला फिरकीचा तांब्या आठवला. प्रवासाला निघताना आजी त्यात पाणी भरायची आणि झाकणाची फिरकी आवळायची. पितळेचे भांडे, पितळेचीच फिरकी. वर्षभर माळ्यावर राहिला की झाकण हमखास बसायचे. मग आजी तो उपडा करून फक्त झाकण कढत पाण्यात बुडेल असा थोडा वेळ ठेवायची, लुगड्याच्या पदराने धरून एक हिसका द्यायची आणि फिरकी सुटायची. न सुटल्यास खोबरेलाचा एक थेंब आणि रात्रभर विश्रांती. तांबे-पितळेला वेगळा न्याय कशाला? गरम पाणी आणि खोबरेल, एवढेच माझे उत्तर आहे.

अंकगणित
आजोळकर, तुमच्या आजींचे तंत्र त्यांच्या तांब्यासाठी अचूक होते, पण ते इथे जसेच्या तसे लागू होत नाही. तांब्याच्या झाकणाचे आटे बाहेरच्या बाजूने भांड्याच्या गळ्यावर चढत असतील, तर झाकण तापवल्यावर ते मोठे होते आणि सैल होते. इथे उलटे आहे. बटण आत आहे आणि नळी बाहेर.

आकडे पाहू. तांबे एका अंशाला मीटरमागे सुमारे १७ मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) प्रसरण पावते आणि पितळ सुमारे १९. आट्यांचा व्यास २० मिलिमीटर धरला आणि संपूर्ण वस्तू ५० अंशांनी तापवली, तर नळीचे भोक १७ मायक्रॉनने मोठे होईल आणि आतले बटण १९ मायक्रॉनने. म्हणजे सगळा मॉड गरम पाण्यात टाकला तर आटे दोन मायक्रॉनने घट्टच होतील. नुसती नळी तापली आणि बटण थंड राहिले तर मात्र १७ मायक्रॉनची फट मिळते. अडचण अशी की तांबे उष्णता फार झपाट्याने वाहून नेते. स्टीलची नळी असती तर थोडी सवड मिळाली असती. इथे जे काही करायचे ते काही सेकंदांतच करावे लागेल.

कडबोळे
दोन मायक्रॉनसाठी एवढा उतारा! आजींनी एव्हाना पाणी पिऊन तांब्या पुन्हा माळ्यावर ठेवला असता.

रसायनी
अंकगणित यांचे आकडे मान्य आहेत, पण त्यांनी एक गोष्ट गृहीत धरली आहे. ती म्हणजे आटे केवळ मापाच्या घट्टपणामुळे अडकले आहेत. मला तसे वाटत नाही. यंत्र आठ महिने स्वयंपाकघरात होते आणि फटीत हिरवे कडे आहे. हा सगळा रासायनिक मामला आहे.

व्हेपच्या द्रवात मुख्यतः ग्लिसरीन आणि प्रॉपिलीन ग्लायकॉल असते. दोन्ही हवेतली आर्द्रता ओढून घेतात. अॅटोमायझरमधून हा द्रव थोडा थोडा पाझरतो, नळीतून खाली उतरतो आणि आट्यांच्या खाचेत बसतो. त्याच्या जोडीला हाताचा घाम आणि त्यातले मीठ. ओल, मीठ, हवा आणि शेजारी शेजारी दोन वेगळे धातू एवढे जमले की हिरवा कळंक धरायला आणखी काही लागत नाही. पितळेच्या पातेल्यात कल्हई नसताना ताक ठेवले तर ते कळकते, तेव्हा जी हिरवी झाक दिसते तिचेच हे भावंड. द्रवात गोडी आणणारा पदार्थ असेल तर तो सुकून चिक्कीच्या पाकासारखा धरतो, ही आणखी एक शक्यता.

आता पाहा. ग्लिसरीन, मीठ आणि गोडी यांपैकी एकही तेलात विरघळत नाही. तिन्ही पाण्यात विरघळतात. सुरुवातीलाच तेल घातले तर ते घाणीवर थर धरते आणि नंतर पाण्यालाही आत जाऊ देत नाही. म्हणून गरम पाणी हवेच, पण प्रसरणासाठी नव्हे, विरघळवण्यासाठी. सेल बाहेर आहे, आत इलेक्ट्रॉनिक काही नाही, तेव्हा हाताला सोसेल इतक्या गरम पाण्यात बूड चार-पाच तास ठेवा आणि पाणी दोनदा बदला. कळंकासाठी शेवटच्या पाण्यात चमचाभर लिंबाचा रस किंवा व्हिनेगर चालेल, पण अर्ध्या तासापेक्षा जास्त नको. आम्ल फार वेळ राहिले तर पितळेतले जस्त सुटत जाते आणि पृष्ठभाग तांबूस दिसू लागतो.

खोबरेलाविषयी एकच सांगतो. ते सुमारे २४ अंशांखाली गोठते. सांगलीला ते आट्यांत शिरेल. बर्मिंगहॅमच्या हिवाळ्यात ते डब्यातच सिमेंट होऊन बसलेले असते.

मुक्काम_बर्मिंगहॅम
खोबरेलाची बाटली रेडिएटरवर ठेवल्याशिवाय आंघोळ होत नाही, हे सत्य आहे.

खरादी_कोल्हापूरकर
रसायनी यांच्याशी पूर्ण सहमत आहे. त्यात थोडी भर घालतो. भिजवल्यानंतर लगेच जोर लावू नका. लाकडी मुठीने किंवा पळीच्या दांड्याने बटणाच्या कडेवर चहूबाजूंनी हलके टिचकवा, दहा-बारा वेळा. आट्यांमधला सुका थर ठिसूळ असतो आणि तो अशा ठोक्यांनी तडकतो. मग आधी आवळण्याच्या दिशेने केसभर फिरवून पाहा आणि नंतर सोडण्याच्या. नवशिक्याला हे उलटे वाटते, परंतु अडकलेला आटा पुढे-मागे हलवतच सोडवायचा असतो. एका दमात सुटला तर बहुतेक वेळा तो आटे घेऊनच सुटतो.

शंकासुर
मी तुमच्या सर्वांशी असहमत आहे. मी कॅनडात राहतो आणि अशी दोन यंत्रे वापरलेली आहेत. आटे सुटल्यावर पुन्हा अडकू नयेत म्हणून पेन्सिलीचे शिसे घासायचे, म्हणजे ग्रॅफाइट. ते वंगण आहे आणि विद्युतवाहकही आहे. माझ्या एका मित्राने अॅल्युमिनियमच्या तारांच्या जोडांना लावतात ती जस्ताची भुकटी मिसळलेली पेस्ट लावली होती आणि तीही उत्तम चालली. एवढा पाण्याचा खटाटोप कशासाठी?

विजेरी
शंकासुर, तुमचे उपाय आटे सुटल्यानंतरचे आहेत आणि इथे आटे अजून सुटायचे आहेत. पण मुद्दा आलाच आहे तर लिहितो, कारण या धाग्यातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट अजून कोणी मांडलेली नाही.

या यंत्राचे आटे नुसते झाकण बंद करण्यासाठी नसतात. वीज त्यांच्यातूनच वाहते. सेलच्या ऋण टोकापासून बटणात, बटणाच्या आट्यांतून नळीत, नळीतून वरच्या टोपीत आणि तिथून अॅटोमायझरमध्ये असा तिचा मार्ग आहे. म्हणजे प्रत्येक आटा ही तारेची एक जोडणी आहे.

भरलेला सेल ४.२ व्होल्टचा असतो. कॉइल अर्ध्या ओहमची असेल तर ८.४ अँपिअर वाहतात आणि कॉइलला सुमारे ३५ वॉट मिळतात. आता आट्यांत घाण साचून ०.०५ ओहम एवढाच रोध वाढला असे समजू. प्रवाह ७.६ अँपिअरवर येतो, कॉइलला २९ वॉट मिळतात आणि जवळजवळ तीन वॉट आट्यांतच उष्णता होऊन जातात. वापरणाऱ्याला वाटते की सेल जुना झाला. प्रत्यक्षात बूड तापत असते, आणि बूड तापले की आतला ओला थर आणखी वाळून धरतो. मुक्काम_बर्मिंगहॅम, मॉड खणात जाण्यापूर्वी वाफ कमी येत होती आणि बटण कोमट लागत होते का?

ग्रॅफाइटबद्दल बोलायचे तर तांबे-पितळेच्या जोडीत ते थोडेफार चालून जाते. पण अॅल्युमिनियमच्या मॉडला लावले तर ओल मिळताच अॅल्युमिनियमच कुरतडले जाते. शिवाय ग्रॅफाइट असो वा जस्ताची पेस्ट, वीज वाहून नेणारी भुकटी नको तिथे, म्हणजे वरच्या टोकाशी धन आणि ऋण वेगळे ठेवणाऱ्या प्लास्टिकच्या चकतीवर गेली, तर तुम्ही स्वतःच्या हाताने शॉर्टची वाट करून दिलीत. बुडाकडे धोका कमी आहे. वरच्या बाजूला मी ते कधीही लावणार नाही.

मुक्काम_बर्मिंगहॅम
अगदी तसेच होत होते. वाफ कमी येते म्हणून मी दोन सेल बदलले होते आणि मग वैतागून मॉड खणात टाकला.

शंकासुर
चकतीचा मुद्दा मान्य. तरी ग्रॅफाइटवर माझा लोभ कायम आहे.

वाचनमात्र_डॉक्टर
सहसा मी लिहीत नाही, पण फवाऱ्याचा उल्लेख वाचून राहवले नाही. बुडाचे आटे हवेच्या मार्गापासून दूर असतात, तिथे काय लावायचे ते जाणकार सांगतीलच. परंतु वरच्या टोपीच्या आणि अॅटोमायझरच्या आट्यांना यंत्राचे तेल, फवारा किंवा खोबरेल यांपैकी काहीही लावू नका. तिथून ओढलेली हवा थेट फुफ्फुसात जाते. तेलाचे सूक्ष्म थेंब फुफ्फुसात गेले तर शरीराला ते सहज बाहेर टाकता येत नाहीत आणि लिपॉइड न्यूमोनिया होऊ शकतो. नाकात वर्षानुवर्षे तेल सोडणाऱ्या वृद्धांमध्येही हा आजार आढळतो. २०१९ मध्ये अमेरिकेत व्हेपिंगमुळे फुफ्फुसांना इजा झालेले रुग्ण मोठ्या संख्येने आले, तेव्हाही व्हिटॅमिन ई अॅसिटेट या तेलकट पदार्थाशीच त्याचा घट्ट संबंध आढळला होता. तो पदार्थ मुख्यतः गांजाच्या अर्काच्या काड्यांत मिसळलेला होता हे खरे, पण तेल आणि फुफ्फुस यांचे वैर तेच आहे.

पुणेरी_प्रश्न
मूळ धागाकर्त्यांनी हा मॉड दिवाळीत पुण्याला आणून आमच्या बाजीराव रस्त्यावरच्या एखाद्या घड्याळजीला दाखवावा. तो चिमट्याने उघडून देईल आणि वर चार शब्द ऐकवेल.

विजेरी
गमतीनेही असा सल्ला देऊ नये. भारतात २०१९ च्या कायद्याने ई-सिगारेटचे उत्पादन, आयात, विक्री, वाहतूक, साठवण आणि जाहिरात यांवर बंदी आहे. मॉड बर्मिंगहॅमलाच राहू द्या.

संपादक
धन्यवाद, विजेरी. भारतात ही यंत्रे मिळवण्याविषयी किंवा आणण्याविषयीचे प्रतिसाद काढून टाकले जातील. चर्चा आट्यांपुरतीच ठेवावी.

मुक्काम_बर्मिंगहॅम
शनिवारी प्रयोग केला. सविस्तर लिहितो, कारण तुम्हा सर्वांचे सल्ले त्यात मिसळले आहेत.

सकाळी नऊला बूड एका वाडग्यात कोमट-गरम पाण्यात ठेवले. अकराला पाहिले तर पाण्याला फिकट पिवळी छटा आली होती आणि जवळ नेल्यावर व्हॅनिलाचा वास आला. दोन वर्षांपूर्वी मी जो द्रव वापरत असे त्याचाच तो वास होता. पाणी बदलले. दुपारी एकला फटीतून हिरव्या रंगाचे बारीक तुकडे तळाशी पडलेले दिसले. तेव्हा पाण्यात लिंबू पिळले आणि वीस मिनिटांनी मॉड बाहेर काढून स्वच्छ पाण्याने धुतला.

सायकलची ट्यूब नव्हती, म्हणून भांडी घासायचे रबरी हातमोजे घातले. नळीत लाकडी पळीचा दांडा कपडा गुंडाळून घट्ट बसवला. पळीच्याच डोक्याने बटणाच्या कडेवर टिचक्या मारल्या. फिरवून पाहिले, काही झाले नाही.

मग अंकगणित यांचे ऐकले. बर्फाचा एक मोठा खडा बटणाच्या तोंडाला मिनिटभर लावून धरला. पत्नीने कढत पाण्यात भिजवून पिळलेले फडके नळीच्या खालच्या टोकाभोवती गुंडाळले. दहा मोजले, फडके काढले, खडा टाकला आणि आवळण्याच्या दिशेने हलका दाब दिला. आतून पापड मोडल्यासारखा बारीक आवाज आला. मग उलट दिशेने फिरवले. पहिली पाव फेरी करकरत, पुढची अर्धी फेरी कुरकुरत, आणि मग अचानक बटण हातात आले.

आट्यांच्या खाचा काळ्या चिकट थराने भरल्या आहेत आणि मधे मधे हिरवे ठिपके आहेत. पहिल्या दोन आट्यांची धार थोडी बोथट झाली आहे, बाकीचे शाबूत दिसतात.

अंकगणित
सतरा मायक्रॉन वाया गेले नाहीत, याचा आनंद आहे.

रसायनी
व्हॅनिलाचा वास हीच पोचपावती.

खरादी_कोल्हापूरकर
छान झाले. त्यातही पापड मोडल्याचा आवाज ओळखलात हे उत्तम. तो आवाज थर तडकल्याचा असतो. आटे तुटतात तेव्हा आवाज बसका येतो आणि हाताला अचानक मऊ लागते.

आता सफाई. जुना दात घासायचा ब्रश, गरम पाणी आणि भांड्यांचा साबण. खाचेतला चिवट थर ब्रशने निघाला नाही तर जाड सुती दोरा घ्या, तो आट्याच्या खाचेत बसवा आणि बूट पुसताना फडके ओढतात तसा पुढे-मागे ओढत फेरी फेरीने वर या. दोरा खाचेच्या तळापर्यंत जातो, ब्रशचे केस तिथे पोचत नाहीत. सुई किंवा टाचणी वापरू नका, तांबे मऊ असते. बोथट आट्यांची चिंता नको. बटण पुन्हा बसवताना आधी उलट दिशेने हळू फिरवा, टक असा आवाज येऊन ते किंचित खाली बसेल, तिथून सुलट दिशेने चढवा. म्हणजे वाकडे आटे लागणार नाहीत.

आजोळकर
आणि चमक आणायला पितांबरी. तांब्यापितळेवर दुसरे काही हवे कशाला?

खरादी_कोल्हापूरकर
बाहेरून खुशाल लावा, पण आट्यांत नको. कोणत्याही घासण्याच्या पावडरीत बारीक कण असतात. ते खाचेत राहिले की प्रत्येक फेरीला कानशीसारखे काम करतात. आधी बाहेरची नळी चमकवायची, ती खळखळून धुवायची आणि मग आटे साफ करायचे. क्रम उलटा होऊ देऊ नका.

शंकासुर
स्टेनलेस स्टीलच्या मॉडलाही हेच सारे लागू पडते का? माझा दुसरा मॉड तसा आहे आणि त्याची टोपी कधीकधी मधेच आवळून थांबते. कळंक तर दिसत नाही.

खरादी_कोल्हापूरकर
तो रोग वेगळा आहे. स्टेनलेस स्टीलवर स्टेनलेस स्टील कोरडे आणि जोराने फिरवले की पृष्ठभागावरचा संरक्षक थर खरवडला जातो आणि दोन्ही धातू एकमेकांना चिकटून ओढले जातात. त्याला गॉलिंग म्हणतात. तिथे पाण्याने काही होत नाही, आणि जोर लावला तर कायमचे जुळते. मधेच थांबले की लगेच मागे फिरा, सावकाश. वंगण नसेल तर ते आटे भरभर कधीच फिरवू नयेत. बटण पितळेचे आणि नळी तांब्याची अशी जोडी कारागीर देतात, त्यामागे हेही एक कारण असते, कारण दोन वेगळे मऊ धातू असे एकमेकांना धरत नाहीत.

विजेरी
आता मूळ प्रश्नाकडे येऊ, कारण धागाकर्त्यांनी विचारले होते की तेल कोणते. माझे उत्तर असे आहे की वीज वाहणाऱ्या आट्यांना सर्वांत चांगले म्हणजे स्वच्छ आणि कोरडे ठेवणे. करकर फारच त्रास देत असेल तर बुडाच्या आट्यांना शिवणयंत्राच्या तेलाचा एक थेंब बोटावर घेऊन लावा आणि लगेच कोरड्या फडक्याने इतका पुसा की लावला होता हे दिसता कामा नये. आटे आवळले की धातू धातूला भिडतो आणि मधले पातळ तेल बाजूला सरते, म्हणून एवढ्याशा तेलाने रोध वाढत नाही. जाड ग्रीस मात्र धूळ धरते. बुडाला वायू बाहेर पडण्यासाठी जी भोके असतात ती ग्रीसने किंवा पॉलिशने बुजली नाहीत ना हेही पाहा. सेल बिघडला तर आतला दाब तिथूनच बाहेर जायचा असतो.

वरच्या टोकाला तेल नको, हे डॉक्टरांनी सांगितलेच आहे. अॅटोमायझर टोपीवर बसतो ते आटे सात मिलिमीटर व्यासाचे आणि अर्ध्या मिलिमीटर पिचचे (लगतच्या दोन आट्यांतले अंतर), म्हणजे फारच बारीक असतात, तिथे नुसती सफाई पुरते. अॅटोमायझरच्या रबरी कड्या कोरड्या पडल्या असतील तर व्हेपचाच द्रव बोटाने पुसट लावावा.

मुक्काम_बर्मिंगहॅम
दोऱ्याची युक्ती विलक्षण आहे. पांढरा दोरा घेतला होता, तीन फेऱ्यांत तो कोळशासारखा झाला. सहा तुकडे लागले, सातवा पांढराच निघाला तेव्हा थांबलो. तेल लावून पुसले. नवा सेल घालून पाहिला. बटण आता थंड राहते आणि वाफ इतकी आली की पहिल्याच झुरक्याला ठसका लागला. इतके दिवस मी जवळजवळ तीन वॉट आट्यांना आणि घाणीला दान करत होतो तर!

यापुढे दर रविवारी सेल काढून दोन्ही टोके एकदा पूर्ण सोडवून पुन्हा लावायची असे ठरवले आहे. खणात ठेवायची वेळ आली तर टोप्या सैल ठेवीन आणि सेल बाहेर.

वाचनमात्र_डॉक्टर
पहिल्याच झुरक्याला ठसका लागला ही फुफ्फुसांची सूचना समजावी. व्हेपिंग बरेच कमी झाले आहे असे आपणच पहिल्या परिच्छेदात लिहिले आहे, याची आठवण करून देतो.

मुक्काम_बर्मिंगहॅम
मान्य आहे, डॉक्टर. मॉड उघडण्याच्या जिद्दीत मूळ संकल्प मागे पडला होता.

आजोळकर
हा धागा वाचून काल सांगलीचा तांब्या माळ्यावरून उतरवला. आजी गेल्यापासून कोणी उघडलेला नाही. आत पाण्यासारखे काहीतरी हलल्याचे जाणवते. फक्त झाकण बुडेल असा उपडा करून कढत पाण्यात ठेवला, टिचक्या मारल्या, आधी आवळून मग सोडवण्याचाही प्रयत्न केला. उघडला नाही.

खरादी_कोल्हापूरकर
त्याचा फोटो टाका. झाकणाचे आटे गळ्याच्या बाहेरून आहेत की आतून, तेवढे आधी पाहू द्या. आतून असतील तर आजींची पद्धत उलटी पडेल आणि बर्फ झाकणाला लावावा लागेल.

आजोळकर
आतून आहेत. म्हणजे आजीचे झाकण गरम पाण्याने सुटत नव्हते तर, ते आजीच्या मनगटाने सुटत होते. पुन्हा भिजत घातला आहे. उद्या बर्फ लावून पाहतो.